पिस्तूल शिक्षकाच्या कमरेला, जबाबदारी कुणाच्या गळ्यात?

मा. बिल ली,
गव्हर्नर, टेनेसी राज्य,
नॅशव्हिल

सप्रेम नमस्कार.

26 एप्रिल 2024 रोजी आपण सही केलीत आणि टेनेसीतल्या शाळांमधल्या शिक्षकांना व इतर कर्मचाऱ्यांना कपड्यांखाली लपवून पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली. नॅशव्हिल, फ्रँकलिन, मेम्फिस या भागांतल्या मराठी घरांतली मुलंही याच शाळांत शिकतात, आणि कायद्यातली कलमं त्यांच्या आईबापांपर्यंत धड पोहोचलेली नाहीत. म्हणून हे पत्र मराठीत आणि जाहीर.

बंदूक बाळगण्याच्या हक्काचा, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा, वाद आम्ही इथे उकरून काढत नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी इतकं बोलून झालंय की समोरचा पुढचं वाक्य काय टाकणार तेही पाठ असतं. आमचा मुद्दा साधा आहे: गोळी सुटली, किंवा सुटायला हवी होती आणि सुटली नाही, तर जाब कुणी द्यायचा?

आधी कायद्याचं जे श्रेय आहे ते देऊ. तो ओहायो राज्यातल्या कायद्याइतका ढिला नाही. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये निकाल दिला होता की शाळेत हत्यार बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याने पोलिसाचं पूर्ण, म्हणजे 700 तासांहून जास्त प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने ते 24 तासांवर आणून ठेवलं. आपल्याकडे 40 तास आहेत. हँडगन परवाना, बोटांचे ठसे, मानसिक तपासणी हे सगळं आहे. शिवाय शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि स्थानिक पोलीसप्रमुख किंवा शेरीफ अशा तिघांच्या लेखी सह्या लागतात, एकाने नाही म्हटलं की विषय मिटला. मोठ्या शहरांतल्या शाळाप्रशासनांनी तर या वाटेला जायचंच नाकारलं.

आता जबाबदारीचं कलम पाहा. परवानगी दिलेल्या कर्मचाऱ्याने पिस्तूल वापरलं किंवा वापरलं नाही, यातून उद्भवणाऱ्या भरपाईच्या दाव्यांपासून शाळाप्रशासनाला आणि पोलीस खात्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे. ‘वापरलं नाही’ हे शब्द कुणीतरी विचार करून घातलेले आहेत. उद्या एखादी आई विचारणार, तुमच्याकडे पिस्तूल होतं ना, मग माझं लेकरू कसं गेलं? तो प्रश्न सह्या करणाऱ्यांच्या दारात येऊ नये याची सोय झाली. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याचं नाव मात्र त्या संरक्षणात नाही.

आणि हा प्रश्न विचारला जाणार. फ्लोरिडातल्या 2018 च्या पार्कलँड शाळेच्या हत्याकांडात शाळेवर नेमलेला सशस्त्र डेप्युटी (शेरीफचा पोलीस) आत शिरला नाही म्हणून त्याच्यावर फौजदारी खटला चालला. जून 2023 मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. तो वर्दीतला माणूस होता. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत 2022 मध्ये 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा एका शिक्षिकेने बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं असं अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगून टाकलं. काही दिवसांनी त्यांनाच ते मागे घ्यावं लागलं. तिने दार ओढून घेतलं होतं, कुलूपच बसलं नाही. नादुरुस्त कुलपांचा दोष कुलपं दुरुस्त न करणाऱ्यांकडे जायला वेळ लागतो, शिक्षकाकडे तो ताबडतोब जातो.

शिक्षकांचा हिशेब ठेवण्यात तर आपलं राज्य देशात पुढे आहे. 1992 च्या शिक्षणसुधारणा कायद्यापासून टेनेसीत टीव्हास नावाची पद्धत आहे. मुलाच्या आधीच्या गुणांवरून त्याच्या प्रगतीचा अंदाज बांधायचा, प्रत्यक्ष गुण त्याच्याशी ताडून पाहायचे आणि फरक शिक्षकाच्या खात्यावर मांडायचा. 2010 मध्ये ‘रेस टू द टॉप’ या शिक्षणसुधारणेच्या केंद्रीय स्पर्धेचा निधी सगळ्यात आधी मिळवणाऱ्या दोन राज्यांत टेनेसी होतं, त्यात या आकडेवारीचा मोठा वाटा. 2011 पासून शिक्षकाला टेन्युअर, म्हणजे कायम नोकरीची हमी, हवी तर पाच वर्षं काढावी लागतात आणि शेवटच्या दोन वर्षांत 1 ते 5 च्या मापावर 4 किंवा 5 मिळवावे लागतात. पाचवीच्या वर्गातल्या अपूर्णांकांचा एवढा बारीक हिशेब ठेवणाऱ्या देशात बंदुकांचा हिशेब कसा ठेवतात? 1986 च्या केंद्रीय कायद्याने बंदूकमालकांची नोंदवही करायला बंदी आहे. बंद पडलेल्या दुकानांचे कागद वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात साठवले जातात, पण खरेदीदाराच्या नावाने ते संगणकावर शोधता येणार नाहीत अशा बेताने. एखाद्या दुकानाची नेहमीची तपासणी वॉरंटशिवाय 12 महिन्यांत एकदाच करता येते. शिक्षकाच्या वर्गात मुख्याध्यापक वर्षातून कितीदा येऊन बसतात, ते आपण आपल्या शिक्षण खात्याला विचारावं.

आता रोजचा व्यवहार. भरलेलं 9 मिमी पिस्तूल साधारण 800 ते 900 ग्रॅमचं असतं. पहिलीचा वर्ग घेणारी बाई दिवसभरात कितीदा जमिनीवर बसते, वाकते, किती मुलं तिच्या कमरेला येऊन बिलगतात! ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि ओढल्यावर पिस्तूल सहज न सोडणारं होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) नसेल तर तिथेच धोका आहे. प्रसाधनगृहात तर पिस्तूल कमरेवरून उतरवायची वेळ येते. युटामध्ये 2014 साली शाळेच्या प्रसाधनगृहात एका शिक्षिकेच्या स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी सुटून ती पायाला जखमी झाली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात राखीव पोलीस दलात असलेल्या शिक्षकाच्या हातून भर वर्गात छताकडे गोळी सुटली. हा दुसरा तर प्रशिक्षित माणूस होता.

त्याहून अडचणीची गोष्ट आपल्याच कायद्यात आहे. शाळेचा कार्यक्रम चालू असताना स्टेडियम, व्यायामशाळा आणि सभागृहात हे पिस्तूल नेता येत नाही. शिस्तभंगाच्या किंवा टेन्युअरच्या बैठकीतही नाही. (टेन्युअरची बैठक वगळण्याचं कारण समजावून सांगायची गरज नाही. वर्गात ज्याच्यावर भरवसा, त्याच्यावर त्या खोलीत नाही.) मग बास्केटबॉलचा सामना सुरू झाला की शिक्षकाने पिस्तूल ठेवायचं कुठे? टेबलाच्या खणात नको. राहिली पार्किंगमधली गाडी. आणि गाड्यांतून किती बंदुका चोरीला गेल्या याचा आकडा नॅशव्हिलचे पोलीस स्वतःच वरचेवर जाहीर करतात.

प्रत्यक्ष चकमकीचं म्हणाल, तर न्यू यॉर्क पोलिसांच्या गोळीबारांवर रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेचा 2008 चा अभ्यास आहे. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या 100 पैकी सुमारे 18 गोळ्या लक्ष्याला लागल्या. उरलेल्या 82 शाळेच्या कॉरिडॉरमध्ये कुठे जातील? जिप्सम बोर्डाची भिंत 9 मिमीची गोळी अडवत नाही, आणि भिंतीपलीकडे दुसरा वर्ग असतो. नॅशव्हिलच्या कव्हनंट शाळेतल्या गोळीबारात 27 मार्च 2023 रोजी तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. पहिल्या फोननंतर साधारण 14 मिनिटांत पोलिसांनी हल्लेखोराला संपवलं. अशा पथकाला कॉरिडॉरमध्ये साध्या कपड्यांतला, हातात पिस्तूल घेतलेला माणूस दिसला तर तो शिक्षक आहे हे ओळखायला किती सेकंद मिळतील?

हत्यार येतं कुठून, हे शोधून झालेलं आहे. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या अभ्यासकेंद्राने 2019 मध्ये 2008 ते 2017 या काळातले 41 शालेय हल्ले तपासले. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी 76 टक्क्यांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून आणली होती. जानेवारी 2023 मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये सहा वर्षांच्या मुलाने वर्गात बाईंवर गोळी झाडली, ते पिस्तूल त्याच्या आईचं. त्याच्याकडे बंदूक असल्याची शंका त्या दिवशी शिक्षकांनी वारंवार बोलून दाखवली होती. दप्तर पाहिलं गेलं, खिसे तपासले गेले नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये ज्युरीने सहायक मुख्याध्यापिकेला जबाबदार धरून 1 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. शाळेतल्यांनी ऐकून न घेण्याची जबाबदारी अशी कोर्टात सिद्ध होऊ शकते, हे आम्हाला मान्य आहे आणि योग्यही वाटतं. पण ते पिस्तूल कुलपात असतं तर खिसे तपासायची वेळच आली नसती.

कव्हनंटनंतर आपणच धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून संकटकाळापुरती हत्यारं काढून घेण्याच्या आदेशाचा प्रस्ताव मांडला होता, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. ऑगस्ट 2023 च्या विशेष अधिवेशनातून मात्र मोफत बंदूककुलपं आणि तिजोऱ्यांवरची करमाफी बाहेर पडली. कुलूप फुकट आहे, लावायची सक्ती नाही.

आपली मुदत जानेवारी 2027 मध्ये संपते, म्हणून मागण्या मोजक्या ठेवतो. संरक्षणाच्या कलमातून ‘वापरलं नाही’ हे शब्द काढावेत किंवा तेच संरक्षण शिक्षकालाही द्यावं. दुसरं, आपल्या जिल्ह्यात सशस्त्र कर्मचाऱ्यांना परवानगी आहे की नाही एवढं तरी पालकांना कळावं. ओहायोत शाळामंडळाला ते जाहीर करावं लागतं, आणि नावं गुप्तच राहतात. परवानगी देणाऱ्या प्रत्येक शाळेत भिंतीला बोल्टने आवळलेली, संकेतांकाने उघडणारी तिजोरी जिल्ह्याच्या खर्चाने बसवावी, म्हणजे सामन्याच्या दिवशी पिस्तूल गाडीत जाणार नाही.

आणि घरातल्या बंदुकीसाठी मिशिगनचं कलम घ्यावं. तिथल्या ऑक्सफर्ड गावातल्या शाळेत 2021 मध्ये चार विद्यार्थी मारले गेल्यावर तिथे तो कायदा झाला आणि 13 फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. जिथे अल्पवयीन मूल येण्याची शक्यता आहे तिथे नजरेआडची बंदूक कुलूपबंद पेटीत हवी, नाहीतर गोळ्या काढून तिलाच कुलूप हवं. मुलाने ती घेऊन मिरवली तर मालकाला 93 दिवसांपर्यंत कैद, कुणाचा जीव गेला तर 15 वर्षांपर्यंत. बंदूक बाळगायला या कलमात कुठेही मनाई नाही, तेव्हा आपल्या पक्षातल्यांची नेहमीची हरकत इथे लागू पडत नाही. येत्या अधिवेशनात हे विधेयक सरकारी म्हणून मांडणार की कुणा आमदाराच्या अंगावर टाकणार, एवढं लेखी कळवावं.

आपले,
टेनेसीतले काही मराठी शिक्षक आणि पालक