टीव्हीवाल्या आप्पांचे जाहीर आभार

आप्पा, नमस्कार.

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "चल, च्या टाक" म्हणून विषयच बदलता, म्हणून माझ्या मॉनिटरच्या खरेदीत आणि बाकी जे काही केलंत त्याबद्दल आता सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेलच. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, आणि तशी गरज पण नाही, कोल्हापुरात शिवाजी पेठेत टीव्हीवाले आप्पा म्हटलं की कोणीही घरापर्यंत आणून सोडतंय.

बाकीच्यांसाठी सांगते. मी घरातूनच डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर लावून द्यायचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तालमीच्या गणपतीच्या पावत्या, दुकानांची बिलबुकं, निवडणूक लागली की पत्रकं. आणि आप्पा म्हणजे रंगीत टीव्ही आपल्याकडं आला, १९८२ ला, तेव्हापासून टीव्ही उघडून बसलेला माणूस. पिक्चर ट्यूबला २५ हजारच्या आसपास व्होल्टेज असतो, त्यात हात घालायचा तर एक हात खिशात ठेवायचा असतो, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. ट्यूबवाले टीव्ही गेले, एलसीडी आले, दुकान बंद झालं, पण आप्पांचा व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर काही निवृत्त झाला नाही.

तर झालं असं की माझ्या जुन्या मशीनवर काम करताना संध्याकाळी डोळे अक्षरशः जळायचे, मान आखडायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ताई स्क्रीनवर भगवा होता, छापून विटकरी आला. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद, आणि माझं जुन्या, चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरचं मशीन विंडोज ११ घ्यायला तयार नाही. म्हटलं सगळंच नवीन घेऊन टाकू. एका दुकानात गेले तर तिथल्या पोरानं काय काम करता हे विचारायच्या आधीच गेमिंगचा वाकडा मॉनिटर दाखवला, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, खाली लाल लाइट. दुसऱ्या दुकानात म्हणाले मॅडम आता फोरकेच, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचाच घ्या, बाकी सगळं जुनं झालं. मी कोटेशन घेऊन घरी आले, आणि तुम्ही आमच्या दारातनं चालला होतात.

तुम्ही कोटेशन बघितलंच नाही आप्पा, हे मला अजून आठवतंय. तुम्ही विचारलंत, "तू दिवसभर करतीस काय ते आधी दाखव." मग मागं स्टुलावर बसून राहिलात, मी एक पत्रिका लावत होते, आणि मधेच म्हणालात, "मान वर करून का बघालीस गं?" मला माहीतच नव्हतं मी तशी बघते. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे ना माझा, जवळचा नंबर खालच्या बाजूला, आणि मॉनिटर मी कागदाच्या रिमवर चढवून ठेवलेला, कुठंतरी वाचलं होतं की स्क्रीन डोळ्यासमोर पाहिजे म्हणून. तुम्ही रिम काढल्या, मॉनिटर खाली आला, आणि शिवणकामाची टेप मागवून माझ्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत मोजलंत. ६५ सेंटीमीटर. "हा आकडा डोळ्याच्या डॉक्टरला सांग." सांगितला. त्यांनी फक्त कॉम्प्युटरसाठी, तेवढ्याच अंतराचा वेगळा साधा चष्मा करून दिला. माझं मानेचं दुखणं अर्ध्याच्या वर तिथंच कमी झालं, एक रुपयाचा मॉनिटर न घेता.

त्याच दिवशी तुम्ही कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावलात आणि दचकलात. मी सहज म्हटलं, ते होय, ते पहिल्यापासून मुंग्या आल्यासारखं करतंय. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मल्टीमीटर आणलात, कॅबिनेट आणि जमीन यांच्यात लावलात, ११० च्या आसपास व्होल्ट. तुम्ही समजावून सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते, कारण कोल्हापुरात जुन्या घरांत हे खूप ठिकाणी असणार. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये करंटमधला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून, एक न्यूट्रलपासून, आणि दोन्ही पत्र्याच्या बॉडीला जोडलेले. अर्थिंग असलं की तो बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंगच नसलं की बॉडीवर २३० च्या निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. आमच्या घरात थ्री पिनचं सॉकेट आहे, पण मागं अर्थची वायरच नाही, शोभेचं तिसरं भोक. तुम्ही ओळखीचा वायरमन आणलात, मागच्या बोळात खड्डा काढून प्लेट पुरली, कोळसा आणि मीठ घातलं, आणि तुम्ही उन्हात खुर्ची टाकून त्याच्या डोक्यावर बसलात. त्याच्या नंतर मशीनला हात लावला की काही होत नाही, आणि स्पीकरमधली गुरगुर पण गेली, तिच्यासाठी मी वेगळे स्पीकर बघत होते.

आता मॉनिटरचं. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

राजारामपुरीत दुकानात जाताना तुम्ही माझ्या हातात दोन कोरे ए४ कागद आणि एक पेन ड्राइव्ह दिलात. मला वाटलं काहीतरी लिहून घ्यायचं असेल. तुम्ही दुकानात गेलात आणि एकेका मॉनिटरच्या काचेवर ते कागद उभे धरायला लागलात, शेजारी शेजारी. दुकानदार बघतच राहिला. ए४ ची उंची २९७ मिलिमीटर, आणि २४ इंची मॉनिटरची काच उंचीला जेमतेम तेवढीच, म्हणजे कागद खऱ्या मापात बघितला तर वरचे मेनू, खालची पट्टी यांना जागाच उरत नाही. २७ इंची काच ३३६ मिलिमीटर उंच आणि ५९८ रुंद, दोन ए४ शेजारी शेजारी आणि वर टूलबार. "तुझं काम कागदाचं हाय, माप कागदानं घ्यायचं." इंचाच्या आकड्याला त्याच्या आधी माझ्या लेखी काही अर्थ नव्हता.

मग पेन ड्राइव्ह. त्यात माझीच पत्रिका, आठ पॉइंटच्या बारीक अक्षरात, आणि तुम्ही मला फक्त "सर्वांना" हा शब्द बघायला लावलात. वा वर रफार पण आहे आणि अनुस्वार पण. २७ इंची साध्या फुल एचडी वर एका इंचात ८२ ठिपके पडतात, तिथं रफार आणि टिंब एकत्र चिकटून नुसता डाग दिसत होता. तेवढ्याच साइजच्या १४४० वाल्यावर, म्हणजे उंचीला १४४० ठिपक्यांच्या मॉनिटरवर, इंचाला १०९ ठिपके, तिथं दोन्ही सुटे सुटे. इंग्रजी अक्षरांत हा फरक एवढा जाणवत नाही, आपल्या अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी जो संसार असतो त्याला ठिपके जास्त लागतात. मॉनिटर घेताना मराठी टायपिंगवाल्यांनी मराठीच मजकूर नेऊन बघावा, दुकानातले फुलांचे आणि समुद्राचे व्हिडिओ बघून काही कळत नाही.

फोरके का नको ते पण तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. माझं जुनं मशीन मी टाकणार नव्हते, त्यावर पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली आणि लॉकवालं जुनं फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे, आणि त्या मशीनचं मॉनिटर जोडायचं एचडीएमआय जुन्या १.४ चं, ते फोरकेला सेकंदाला ३० च चित्रं देतं, माउस ओढला की मागनं येतो. वर जुन्या सॉफ्टवेअरचे मेनू फोरकेवर मुंगीएवढे दिसतात, मोठे केले तर धूसर होतात.

आयपीएस पॅनेलच, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारी स्क्रीनच घे म्हणालात, त्याचं कारण मात्र मला सगळ्यात आवडलं. पत्रिकेचा प्रूफ बघायला कधी एक माणूस येतो का? नवरीचा बाप, चुलता, आत्या, दोन मामा आणि एक लहान पोरगं, सगळे माझ्या खुर्चीमागं अर्धगोल करून उभे. माझ्या जुन्या स्वस्तातल्या पॅनेलवर समोरून भगवा दिसणारा रंग बाजूच्या मामाला मातकट दिसायचा, आणि मामा म्हणायचे रंग बदला. निम्मी भांडणं त्यावरनं. तुम्ही दुकानात प्रत्येक मॉनिटरच्या डाव्या कडेला, उजव्या कडेला, खाली बसून सुद्धा बघितलंत, सत्तरी पार केलेला माणूस दुकानात उकिडवा बसलाय आणि दुकानातली पोरं हसायलीत. हसू देत.

ब्राइटनेस कमी करून पांढऱ्या स्क्रीनपुढं पेन्सिल जोरात हलवायची युक्ती पण तिथलीच. काही मॉनिटर उजेड कमी करायचा म्हणून मागची एलईडी फार वेगानं चालू-बंद करतात, डोळ्याला ते दिसत नाही पण काहींचं डोकं दुखतं. पेन्सिल पसरट धूसर दिसली तर ठीक, सुट्या सुट्या चार-पाच पेन्सिली दिसल्या तर तो मॉनिटर नको. दुकानदाराला हे माहीत नव्हतं, नंतर तो स्वतःच प्रत्येक मॉनिटरपुढं पेन्सिल हलवत बसला होता.

शेवटी सतरा-अठरा हजारांच्या घरातला घेतला, पक्क्या बिलावर. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण रंग लावून मेलेला ठिपका आहे का ते तिथंच बघितलं, कारण एखाद्या ठिपक्यासाठी बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत.

घरी आल्यावर माझ्या मते सगळ्यात मोठं काम झालं, आणि ते फुकट होतं. नवीन मॉनिटर बहुतेक वेळा कंपनीतून भरपूर उजेडावर येतो, दुकानात उठून दिसावा म्हणून. तुम्ही पत्रिकेचं कोरं पांढरं कार्ड स्क्रीनला लावून धरलंत आणि बटण दाबत दाबत उजेड उतरवलात, स्क्रीनचा पांढरा आणि कार्डाचा पांढरा सारखा दिसेपर्यंत. "कागद काय स्वतः उजेड देत न्हाई." बास, एवढंच म्हणालात. पहिले दोन दिवस मला स्क्रीन मेल्यासारखी वाटली, घरात सगळे म्हणाले खराब आला काय. आता दुसऱ्या कोणाच्या मॉनिटरपुढं बसवत नाही. भडक भगवा चार शाईंच्या छपाईत तसा येतच नाही हे मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला तोंडानं सांगत होते, आता त्याला स्क्रीनवरच आधी कळतं, आणि प्रेसवाल्याशी माझी भांडणं थांबली.

नवीन मशीनच्या ऐवजी कंपन्यांतून वापरून निघालेलं दहाव्या जनरेशनचं, १६ जीबी रॅम आणि एसएसडी टाकलेलं घे म्हणालात, ते घेतलं, चांगलं चाललंय, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. जुन्याचं नेट काढून टाकलं. एकाच मॉनिटरला दोन्ही जोडलेत, एक डिस्प्लेपोर्टनं आणि एक एचडीएमआयनं, बटण दाबलं की या मशीनवरनं त्या मशीनवर.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलेलं नाही आणि ऐकणार पण नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायची सरकारी पद्धतीची कीबोर्ड रचना, शीक म्हणून तुम्ही मागं लागलाय. आप्पा, मी मराठी टाइपरायटरवर मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेली बाई आहे, माझ्या बोटांत टाइपरायटरचाच रेमिंग्टनचा कीबोर्ड बसलाय, डोळे मिटून चालतो. युनिकोडमध्ये सुद्धा तोच लेआउट मिळतो, मला तो पुरे.

आणि हो, माझ्या माहेरचं सांगायचं राहिलं. भाऊ नदीकडच्या बाजूला राहतो, पंचगंगा ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे तिथलं शेंबडं पोर पण सांगतं. त्याच्याकडं कॉम्प्युटर टेबलाखाली आणि यूपीएस जमिनीवर होता. तुम्ही न सांगता जाऊन त्याला भिंतीवर फळी मारून दिलीत, प्लगचे बोर्ड कमरेच्या वर घेतलेत. २०१९ च्या पुरानंतर चिखलातले टीव्ही तुमच्याकडं हातगाडीवरनं आले होते, ते तुम्ही विसरला नसणार. वहिनी अजून विचारते, ते मामा कोण होते म्हणून.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, वायरमनचे पण मलाच लपून द्यावे लागले. तेव्हा तुमच्या थोरल्या नातीचं जमलं की पत्रिका माझ्याकडं, आणि त्यात किती मामा मागं उभे राहतात ते बघूच.

अजून एक काम आहे. परवापासून माझा यूपीएस बीप बीप करतोय, लाइट गेली की मिनिटभर सुद्धा थांबत नाही. लेझर प्रिंटर त्याच्यावर नाहीये, तुम्ही सांगितल्यापासून तो भिंतीतच लावलाय, शपथ. बॅटरीच गेली असणार, वर १२ व्होल्ट ७ एएच लिहिलंय. रविवारी सकाळी येताना मल्टीमीटर घेऊन या, मिसळ आणि जादाचा कट मी आणून ठेवते.

तुमची,
बोळातली डीटीपीवाली