बातमीत नुसतं मांसच?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारी आपल्या वाचनालयात अँडीजमधल्या विमान अपघाताबद्दल कादंबरीकारांचा कार्यक्रम झाला त्याची बातमी वाचली. लेखकाचं नाव, फोटो सगळं तुम्ही दिलंयच त्यामुळे परत लिहीत नाही, पण हेडिंगमध्ये पण वाचलेल्यांनी मेलेल्या मित्रांचं मांस खाल्लं हेच आणि खाली निम्मी बातमी पण तीच. मी शेवटपर्यंत बसलो होतो, ह्या विषयावर लेखक पाचेक मिनिटं बोलले असतील, ते पण कुणीतरी खोदून खोदून विचारलं म्हणून.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान पडलं, आत रग्बी खेळणारी पोरं आणि त्यांचे नातेवाईक मित्र, एकूण ४५ माणसं होती. ७२ दिवसांनी १६ परत आली. आता ही ७२ दिवस करत काय होती ते लेखकांनी इतकं भारी सांगितलं, म्हणजे बघा, चहूकडे बर्फ पण प्यायला पाणी नाही, नुसता बर्फ चघळला की ओठ फाटतात, मग सीटच्या मागचे पत्रे काढून उन्हात तिरके लावले आणि थेंब थेंब बाटलीत धरला. सीटच्या गाद्या पायाला बांधल्या, पाय बर्फात रुतू नयेत म्हणून. विमानातलं थंडी अडवणारं इन्सुलेशनचं कापड शिवून झोपायची पिशवी केली. सगळ्यांना कामं वाटून दिलेली. अकराव्या दिवशी ट्रान्झिस्टरवर कळलं की शोध थांबवला, तर गुस्तावो निकोलिच नावाचा पोरगा बाकीच्यांना सांगतो, चांगली बातमी आहे, आता आपलं आपणच इथनं बाहेर पडायचं! तो स्वतः २९ ऑक्टोबरच्या हिमस्खलनात गेला. ह्यातलं एक अक्षर बातमीत नाही.

दुसरं म्हणजे ते सूत्रसंचालक. लेखकाचा परिचयच एवढा लांबवला की प्रश्नांना फारसा वेळ उरला नाही, असो.

पण एक गोष्ट फार खटकली. १९७२ म्हणजे आपला दुष्काळाचा साल, हे हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला लागत नव्हतं. एक आजोबा उठले आणि खडी फोडायला जायचो, लाल मिलोच्या म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी, कामावर सुकडी मिळायची असं सांगायला लागले तर प्रश्न विचारा, मनोगत नको म्हणून सूत्रसंचालकांनी माईकच काढून घेतला. लेखक स्वतः पुढे वाकून ऐकत होते हो! मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, मग बिकट परिस्थितीत माणूस कसा तगतो हे ऐकायला अँडीजलाच कशाला जायला पाहिजे, ती माणसं तिसऱ्या रांगेत बसलेली होती की. घरात किती पीठ, कोण किती खाणार, कोण उपाशी झोपणार हे तेव्हा बायकांनी कसं ठरवलं ते तर कुणी विचारतच नाही.

तेव्हा विनंती अशी की तुमचा वार्ताहर एकदा त्या आजोबांकडे पाठवा, वाचनालयात चौकशी केली तर पत्ता मिळेल. त्यांच्या वयाच्या आज्यांशी पण बोलू दे. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, आणि हेडिंग जरा विचार करून द्या.

आपला,
एक नियमित वाचक