फिकट अक्षरांचे अर्ज

महोदय,

मी ज्येष्ठांना संगणक शिकवते. अडचण त्यांच्या डोक्यात नाही, ऑनलाइन अर्जांच्या पानांच्या बांधणीत आहे. रकान्यातली फिकट सूचना पहिलं अक्षर टाइप करताच गायब होते. मग आधी दिवस लिहायचा की महिना, हे आठवायचं कसं? ‘मागे’ दाबलं की भरलेला अर्ज कोरा! (माउस नेल्यावरच उघडणारे मेनू म्हणजे थरथरत्या हातांची थट्टाच.) कायम दिसणारं लेबल, साधं बटण एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं बांधायच्या मूळ भाषेत, कधीपासूनचं आहे, त्यावर जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा डोलारा कशाला? एकाच प्रक्रियेत दिलेली माहिती सहसा पुन्हा टाइप करायला लावू नये, असं वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे २०२३चे सुगम्यता निकष (संकेतस्थळ सर्वांना वापरता यावं यासाठीचे) सांगतात. संकेतस्थळाचं कंत्राट देताना हे अटींतच घालावं आणि चाचणीला नवखा माणूस बसवावा, कार्यालयातला तंत्रज्ञ नव्हे.

– एक संगणक शिक्षिका