पहिला डीजीपीएस संच : चॅनेल मोजू नका, दुपारी तपासून घ्या

संपादक महोदय,

भूमी अभिलेख विभाग रोव्हर (काठीवर बसवून उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारा फिरता रिसीव्हर) वापरू लागल्यापासून 'तासाभरात मोजणी' अशा बातम्या आणि जाहिराती वारंवार दिसतात. त्या पाहून पुणे जिल्ह्यातले अनेक छोटे सर्व्हेअर पहिला डीजीपीएस (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणी करणारा) संच घ्यायला निघाले आहेत. आजवर त्यांनी टोटल स्टेशनवर (प्रिझमवर किरण टाकून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) लेआउट, कंटूर आणि रस्त्यांची कामे केली आहेत. संच जरूर घ्यावा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यावसायिकांना अशा सर्वेक्षणासाठी आधीसारखी परवानगी काढावी लागत नाही. मात्र शेतकऱ्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे की हद्दीची अधिकृत मोजणी आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच मिळते. आपला नकाशा नियोजनासाठी आहे, बांधाचा वाद मिटवण्यासाठी नाही.

डीलर पहिल्यांदा दाखवतो तो एकटा रोव्हर. राज्यात सर्व्हे ऑफ इंडियाची ७७ कॉर्स स्टेशने (उपग्रहांचे सिग्नल सतत नोंदवणारी पक्की केंद्रे) आहेत. नोंदणी करून लॉगिन घेतले की मोबाइल इंटरनेटवरून करेक्शन (उपग्रहांच्या मोजणीतली चूक काढणारी दुरुस्ती) मिळते, मग बेस (एका बिंदूवर स्थिर ठेवून करेक्शन पाठवणारा दुसरा रिसीव्हर) कशाला, असे तो सांगतो. वाघोली, हडपसर, हिंजवडीत हे ठीक चालते. मुळशीच्या आतल्या बाजूला, ताम्हिणीकडे, वेल्ह्यात किंवा भोरच्या घाटाखाली मोबाइलला रेंजच मिळत नाही आणि रोव्हर नुसती काठी होऊन बसतो. म्हणून आमचे ठाम मत असे की पहिली खरेदी एकसारख्या दोन रिसीव्हरांची, म्हणजे बेस आणि रोव्हरच्या जोडीची असावी. दोन्ही रिसीव्हर स्टॅटिक नोंद (एकाच बिंदूवर बराच वेळ थांबून साठवलेला डेटा) करणारे हवेत. बजेट कमी पडत असेल तर टिल्ट (काठी तिरपी असली तरी मोजण्याची सोय) सोडा, कॅमेरा सोडा, १६०० चॅनेल (उपग्रहांचे सिग्नल पकडणारे मार्ग) सोडा, पण दुसरा रिसीव्हर सोडू नका. आकाशात एका वेळी दिसणाऱ्या उपग्रहांना काही शे चॅनेल पुरतात, त्यापुढचे आकडे कागदावरच राहतात.

जोडी घेताना बेसकडून रोव्हरला करेक्शन पाठवणारा रेडिओ नीट पाहावा. रिसीव्हरमधला एक-दोन वॅटचा रेडिओ मोकळ्या माळावर दोन-तीन किलोमीटर जातो, मध्ये डोंगराची सोंड आली की तुटतो. मग डीलर ३५ वॅटचा बाहेरचा रेडिओ सुचवतो. मात्र ४१० ते ४७० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ वापरायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, हे तो क्वचितच सांगतो. तो कोण काढून देणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. जुना संच घेणाऱ्यांनी मोडेम ४जी आहे ना, हे सर्वांत आधी विचारावे. ३जी मोडेमला आता बहुतेक ठिकाणी नेटवर्कच मिळत नाही. जिओवर तर २जी-३जी कधी नव्हतेच.

आता सर्वांत जास्त कामे जिथे बिघडतात ते सांगतो. बेस लावला, कंट्रोलरवर (रिसीव्हर चालवणाऱ्या हातातल्या यंत्रावर) 'सध्याचे स्थान घ्या' हे बटण दाबले आणि मोजणी सुरू केली. ते स्थान करेक्शनशिवायचे असल्याने एक ते तीन मीटर चुकलेले असते. त्या दिवसाचे सगळे बिंदू आपसात बरोबर येतात, त्यामुळे काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर बेस लावून पुन्हा तेच बटण दाबले की नवे स्थान येते आणि कालचा बांध आजच्या बांधापासून दीड मीटर सरकतो. उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशी खडकात किंवा काँक्रीटमध्ये खिळा ठोकावा आणि त्यावर किमान एक-दोन तास स्टॅटिक नोंद घ्यावी. जवळच्या कॉर्स स्टेशनच्या डेटावरून तिचे प्रोसेसिंग करून जो निर्देशांक येईल तोच पुढे प्रत्येक वेळी हाताने भरावा. मोजणी सुरू करण्याआधी आणि संपल्यावर दुसऱ्या एका ठरलेल्या बिंदूवर रोव्हर टेकवून पाहावा. फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेला तर थांबावे. अशा वेळी बहुधा अँटेनाची उंची तिरपी मोजून उभी म्हणून भरलेली असते, नाहीतर दोन मीटरचा पोल झाडाखाली १.८ वर आणून नोंद तशीच राहिलेली असते.

डेमो सकाळी नऊला मोकळ्या मैदानात घेऊ नये. तिथे कोणताही रिसीव्हर पाच सेकंदांत फिक्स (सेंटिमीटरपर्यंत पक्का निकाल) देतो. आपण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात आहोत. इथे दुपारी आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) दाट होतो, आणि सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो इतका अस्थिर होतो की सिग्नल तुटक येतो. सध्याच्या सौरचक्राचा जोर २०२४ च्या सुमारास वाढल्यापासून दुपारी फ्लोटवर (पक्का न झालेल्या निकालावर) अडकण्याच्या तक्रारी म्हणूनच जास्त येतात. डेमो दुपारी दोन ते चारमध्ये मागावा, बेस आठ-दहा किलोमीटरवर ठेवायला सांगावा आणि एका बिंदूवर उघड्यावर आणि दुसऱ्या बिंदूवर आंब्याखाली उभे राहावे. प्रत्येक ठिकाणी रिसीव्हरला दहा वेळा नव्याने फिक्स घ्यायला लावावे. उघड्यावरचे दहाही निकाल दोन सेंटिमीटरच्या आत हवेत. आंब्याखाली पडद्यावर 'फिक्स' दिसत असूनही एखादा निकाल तीस-चाळीस सेंटिमीटर बाहेर जातो. हा खोटा फिक्स किती वेळा येतो, यावरून रिसीव्हरची खरी किंमत कळते. माहितीपत्रकातले '८ मिलिमीटर + १ पीपीएम' मोकळ्या आकाशासाठीचे आहे. त्यातल्या पीपीएमचा अर्थ बेसपासून दर किलोमीटरला एक मिलिमीटर वाढ.

टोटल स्टेशनची सवय असलेल्यांना पहिला धक्का अंतरात बसतो. पुणे यूटीएमच्या (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या नकाशापद्धतीच्या) ४३ व्या पट्ट्यात आहे, मध्य रेखांश ७५ अंश. पुण्याच्या रेखांशावर नकाशाचे अंतर किलोमीटरमागे सुमारे २२ सेंटिमीटर कमी भरते. पुण्याच्या उंचीमुळे आणखी सात-आठ सेंटिमीटर जातात. म्हणजे टोटल स्टेशन एक हजार मीटर दाखवते तिथे डीजीपीएसच्या निर्देशांकांतून ९९९.७० मीटर येते. यंत्र बिघडलेले नसते. पण एक हेक्टरच्या प्लॉटमध्ये यामुळे सुमारे सहा चौरस मीटर कमी दिसतात, आणि पुण्यातल्या भावात ग्राहक त्यावर भांडतोच. कंट्रोलरमध्ये ग्रिडऐवजी (नकाशावरच्या अंतराऐवजी) ग्राउंड (जमिनीवरच्या) अंतराची सोय कुठे आहे, हे डेमोच्या वेळीच शिकून घ्यावे. नकाशावर कोणते अंतर वापरले ते लिहावे.

उंचीचेही तसेच. रिसीव्हर मूळ जी उंची देतो ती आपल्याकडे समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरांच्या आसपास कमी असते आणि हा फरक जागोजागी बदलतो. सॉफ्टवेअरमधले जिऑइड मॉडेल (जागोजागचा हा फरक सांगणारी माहिती) तो बराचसा भरून काढते, पूर्ण नाही. ड्रेनेजचा १:५०० उतार घ्या : तीस मीटरवरच्या दोन चेंबरांत फरक फक्त सहा सेंटिमीटरचा. प्रत्येक टोकाला दोन-तीन सेंटिमीटर चूक धरली तर उतार कागदावर नाहीसा होऊ शकतो. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारे यंत्र) विकू नका. टोटल स्टेशनही विकू नका : कसबा-शनिवार पेठेतल्या बोळांत आणि उंच इमारतींच्या मधल्या पट्ट्यात भिंतीवरून परावर्तित होऊन आलेले सिग्नल रिसीव्हरला फसवतात. तिथे उघड्यावर दोन बिंदू डीजीपीएसने घ्यावेत आणि पुढे प्रिझमवर काम करावे.

कोटेशनमध्ये काही गोष्टी स्वतंत्र ओळींत लिहून घ्याव्यात. रिसीव्हरचा नोंदणी कोड कायमचा आहे की काही महिन्यांनी संपणारा? मुदतीचा असेल तर ऐन कामात यंत्र बंद पडते. फील्ड सॉफ्टवेअर आणि स्टॅटिक प्रोसेसिंगचे सॉफ्टवेअर एकदाच विकत की दरवर्षी भाडे? कच्ची नोंद राइनेक्समध्ये (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या स्वरूपात) निघते का? दुरुस्ती पुण्यात होते की यंत्र परदेशी पाठवतात, आणि तोवर बदली संच मिळतो का? ट्रायब्रॅक, लाकडी तिपाई, बायपॉड आणि जादा बॅटऱ्या किमतीत आहेत का? १८ टक्के जीएसटी धरला आहे का? प्रशिक्षण दोन तासांचे नको. स्टॅटिक, बेस मांडणी आणि साइट कॅलिब्रेशन (नवे निर्देशांक जुन्या ज्ञात बिंदूंशी जुळवणे) आपल्याच एका खऱ्या कामावर करून दाखवावे. कॅलिब्रेशनला कामाच्या चारही बाजूंनी किमान चार जुने बिंदू घ्यावेत. तीन बिंदूंवर चूक लपून राहते.

जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, म्हणून एक मागणी. शहराजवळ मोकळ्या जागी चार-पाच पक्के काँक्रीट खांब उभारून त्यांचे निर्देशांक, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि आपसातली अंतरे जाहीर करावीत. कोणाही सर्व्हेअरला कोणत्याही दिवशी तिथे यंत्र तपासता यावे. खांबांपैकी एक मुद्दाम झाडाजवळ असावा आणि अंतरे ५० मीटरपासून एक किलोमीटरपर्यंतची असावीत. टोटल स्टेशनही तिथेच तपासता येतील, आणि पैसे देण्यापूर्वी ग्राहकाला डीलरला त्या खांबांवर बोलावता येईल.

— भूमापन व्यवसायातील काही वाचक, पुणे