सलग चौथ्यांदा जगज्जेते, तरी ‘अनपेक्षित’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या, म्हणजे ४ फेब्रुवारी २०२५ च्या अंकात क्रीडा पानाच्या अगदी तळाला हँडबॉलच्या जागतिक स्पर्धेची चार ओळींची बातमी आहे. डेन्मार्कने अंतिम सामन्यात क्रोएशियाला ३२-२६ असं हरवलं, इथपर्यंत ठीक. पण चिमुकल्या डेन्मार्कने अनपेक्षितपणे विजेतेपद पटकावल्याचं त्यात पुढे म्हटलं आहे. ते वाचल्यापासून मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी तुमची धावपळ झाली असणार, हे मी समजू शकतो. वानखेडेवर अभिषेक शर्माने १३५ धावा कुटल्या, क्वालालंपूरला आपल्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. ओस्लोचा सामना संपला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती, त्यामुळे सोमवारच्या अंकात तो येणं शक्यच नव्हतं. पण मंगळवारसाठी अख्खा दिवस हातात होता ना? एवढ्या वेळात कुणालाही मागच्या विजेत्यांची यादी एकदा पाहावीशी वाटली नाही?

पाहिली असती तर २०१९, २०२१, २०२३ आणि आता २०२५ अशी ओळीने चारही विजेतेपदं डेन्मार्कचीच दिसली असती. हँडबॉलच्या इतिहासात सलग तीन जागतिक विजेतेपदंसुद्धा दुसऱ्या कुठल्या पुरुष संघाला जमलेली नाहीत, चार तर दूरच. जागतिक स्पर्धेत हा संघ शेवटचा हरला तो जानेवारी २०१७ मध्ये, शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत हंगेरीकडून. त्यानंतर ३७ सामने झाले, त्यांतला एकही त्याने गमावलेला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्याने जर्मनीला ३९-२६ असं हरवलं. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एवढ्या फरकाने कुणी जिंकलेलं नव्हतं. यंदा ओस्लोपर्यंत येताना उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलला ३३-२१ आणि उपांत्य फेरीत पोर्तुगालला ४०-२७ असं हरवून हा संघ आला होता. मथियास गिडसेलने एका स्पर्धेत ७४ गोल केले, त्यातले दहा अंतिम सामन्यात. मिकेल हॅन्सन आणि गोलकीपर निकलास लँडिन पॅरिस ऑलिंपिकनंतर राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले, आता संघ मोडकळीला येणार असं बोललं जात होतं. त्यांच्याशिवाय हा संघ नऊच्या नऊ सामने जिंकला. आता सांगा, यात अनपेक्षित काय आहे?

अनपेक्षित काही होतंच, तर ते क्रोएशियाचं अंतिम फेरीत येणं. उपांत्य फेरीत त्यांनी झाग्रेबला घरच्या प्रेक्षकांपुढे फ्रान्सला हरवलं. त्यांचा कर्णधार डोमागोय दुव्हन्याकची देशाकडून ती शेवटची स्पर्धा होती. बातमी शोधायची तर तिथे होती. आणि याच क्रोएशियाने २०२३ मध्ये डेन्मार्कला ३२-३२ असं बरोबरीत रोखलं होतं, म्हणून रविवारी रात्री आमच्यासारखे काही जण जागे राहिले.

हा संघ कधी हरतच नाही असं माझं म्हणणं नाही. युरोपच्या स्पर्धेत तो हरतो. २०२० मध्ये तर पहिल्याच फेरीत घरी परतला, गेल्या वर्षी कोलोनला अंतिम सामन्यात जादा वेळेत फ्रान्सकडून हरला, आणि २०१२ नंतर २०२४ पर्यंत युरोपचं विजेतेपद त्याला मिळालेलं नाही. २०१३ च्या जागतिक अंतिम सामन्यात बार्सिलोनाला स्पेनने ३५-१९ अशी धूळ चारली होती. सोळा गोलांचा फरक! हॅन्सन आणि लँडिन त्या संघातही होते. तिथून २०१६ च्या ऑलिंपिक सुवर्णापर्यंत आणि पुढे प्रशिक्षक निकोलाय याकोबसेनच्या हाताखाली आजपर्यंत हा संघ कसा पोचला, हे वाचायला मिळालं असतं तर माझ्या मुलांना मी ते कात्रण वर्गात वाचून दाखवलं असतं. ‘मुलांना’ म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांना. मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे.

२०२१ चा कैरोचा उपांत्यपूर्व सामना मी कधी विसरणार नाही. समोर यजमान इजिप्त, करोनामुळे प्रेक्षागृह रिकामं. दोनदा जादा वेळ खेळूनही निकाल लागेना, तेव्हा सात मीटरवरून पेनल्टी थ्रो घ्यावे लागले आणि डेन्मार्क ३९-३८ असा सुटला. शाळा अजून नीट सुरू झाल्या नव्हत्या. मी घरी मोबाइलवर पाहत होतो आणि शाळेच्या संघातली मुलं आपापल्या घरी पाहत होती. प्रत्येक थ्रोला ग्रुपवर मेसेज येत होते. निम्मी मुलं इजिप्तच्या बाजूने होती, कारण युरोपबाहेरचा एखादा देश जिंकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. या मुलांनी त्याआधी कधी आंतरराष्ट्रीय सामना सलग पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी एकाने मला फोन करून विचारलं, ‘सर, कडेला खेळणारा विंगर एवढ्या कोनातून कसा मारतो?’ शिक्षकाला याहून जास्त काय हवं असतं? त्या दिवशीही पेपर उघडून पाहिला. एक ओळ नव्हती.

आता खरी दुखरी गोष्ट सांगतो. त्यानंतर दोन वर्षांनी याच मुलांचा संघ विभागीय स्पर्धा जिंकून राज्य स्पर्धेला पात्र ठरला. आमच्याकडे इनडोअर कोर्ट नाही. मातीच्या मैदानावर फक्की मारून चाळीस बाय वीस मीटरचं मैदान आखायचं, गोलसमोरची सहा मीटरची ‘डी’ दोरी फिरवून काढायची, आणि पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून. गोलपोस्ट गावातल्या एका वेल्डरने पैसे न घेता बनवून दिले. विभागीय अंतिम सामन्यात आमचा गोलकीपर दुखावलेल्या बोटाला पट्टी बांधून उभा राहिला. मी स्वतः निकाल, मुलांची नावं आणि फोटो एका दैनिकाच्या स्थानिक कार्यालयात नेऊन दिला. छापून आलं ते व्हॉलीबॉलमध्ये विजय म्हणून. फोटोत मुलाच्या हातात हँडबॉल आहे, मागे जाळीचा गोल दिसतो आहे, आणि वर मथळा व्हॉलीबॉलचा! फोन केला तर सांगितलं, दुरुस्ती टाकतो. ती आजतागायत आलेली नाही.

तुम्हाला ही किरकोळ चूक वाटेल. त्या गोलकीपरच्या वडिलांनी मात्र ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं. मुलाने त्यांना सांगितलं की खेळच चुकीचा छापला आहे, तेव्हा ते मला म्हणाले, ‘सर, पेपरवाल्यांनासुद्धा जो खेळ माहीत नाही तो खेळून ह्याला काय मिळणार?’ पुढच्या वर्षी त्यांनी मुलाला मैदानावर पाठवलं नाही. दहावीच्या वाढीव गुणांपुरतं खेळून झालं, बास. माझ्याकडे त्याच्याइतका चपळ गोलकीपर पुन्हा आला नाही.

तुमच्या क्रीडा विभागाला आणखी एक सांगायचं आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. तिथे हा खेळ मोठा झाला तो शाळेतून. ऑर्ड्रुपच्या होल्गर नील्सन नावाच्या शिक्षकाने शाळेतल्या मुलांसाठी त्याचे नियम तयार केले आणि ते १९०६ मध्ये छापले. शिक्षकाने शाळेच्या मैदानावर सुरू केलेल्या खेळात आज तो देश जगावर राज्य करतो. गिडसेल श्केर्नसारख्या लहान गावचा. आणि आपण? १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये हँडबॉल पहिल्यांदा आला तेव्हा यजमान म्हणून आपण खेळलो, पण आपल्या पुरुष संघाला जागतिक स्पर्धेची पात्रता आजवर एकदाही मिळालेली नाही. २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगच्या पहिल्या हंगामात महाराष्ट्र आयर्नमेन विजेते झाले. महाराष्ट्राच्या नावाने खेळणारा संघ देशातली पहिली लीग जिंकतो, आणि माझ्या शाळेतल्या एकाही पालकाला ते ठाऊक नव्हतं. पालकांना मी दोष कसा देऊ?

क्रिकेटचा मी शत्रू नाही. रविवारची अभिषेकची खेळी मीही पाहिली. पण महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात एका मल्लाने पंचांना लाथ मारली, त्याचे फोटो सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही दिवस आले, तेही तीन-तीन कॉलमांत. लाथेला जागा मिळते. मग सलग चौथ्या जगज्जेतेपदाला निदान खरी माहिती तरी मिळावी.

म्हणून विनंती अशी की डेन्मार्कच्या बातमीची दुरुस्ती छापावी, आणि ती पानाच्या कोपऱ्यात नको. पुढच्या, म्हणजे २०२६ च्या जानेवारीत युरोपची स्पर्धा डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये आहे. डेन्मार्क तिथे घरच्या मैदानावर खेळेल, आणि ते विजेतेपद त्याच्याकडून तेरा वर्षं निसटतं आहे. त्या वेळी बातमी द्याल तेव्हा आधी एखाद्या हँडबॉल प्रशिक्षकाला फोन करावा. आम्ही बरेच जण आहोत, रात्री कितीही वाजता उचलू.

जाता जाता, आमच्या भागातल्या क्रीडा संकुलाचा हॉल लग्नसराईत भाड्याने दिला जातो आणि खेळाडूंना महिनाभर बाहेर काढलं जातं, याबद्दल दिवाळीपूर्वी मी आपल्याकडे पत्र पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथे मांडव पडतो आहे. आपला वार्ताहर पाठवलात तर मी स्वतः त्याला सोबत घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक आणि क्रीडाशिक्षक