स्लॅलम स्कीचा साइज उंचीवर नको, वजन आणि बोटीचा स्पीड बघून ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वॉटर स्पोर्ट्सवर लेख आला होता तो वाचला आणि खूप बरं वाटलं, मराठी पेपरात बनाना राइड आणि जेट स्कीच्या पलीकडे जाऊन कोणीतरी वॉटर स्कीइंगबद्दल, म्हणजे बोटीचा दोर धरून पायातल्या स्कीवर पाण्यावरून घसरत जायच्या खेळाबद्दल, लिहितंय हेच आमच्यासारख्यांना मोठं आहे. पण लेखाच्या खाली एक चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं की स्लॅलम स्की, म्हणजे एकच स्की जिच्यावर दोन्ही पाय एकामागे एक ठेवून उभं राहतात ती, आपल्या उंचीएवढी घ्यावी. हे चुकीचं आहे, आणि पावसाळा संपून सीझन सुरू झाला की लोक तेच कात्रण समोर ठेवून ऑर्डर करायला बसतील म्हणून लगेच लिहितेय.

हा गैरसमज होणं साहजिक आहे खरं तर. स्लॅलम स्कीचे साइज इंचात येतात, मोठ्या माणसांसाठी साधारण ६३, ६५, ६७, ६९ असे. आता याचे सेंटिमीटर करून बघा, ६३ म्हणजे १६०, ६५ म्हणजे १६५, ६७ म्हणजे १७० आणि ६९ म्हणजे १७५. हे सगळे आकडे माणसाच्या उंचीचेच वाटतात की नाही, मग १७० सेंटिमीटरचा मुलगा सरळ १७० वर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. त्यात आपल्याकडे क्रिकेटची बॅट लहानपणापासून उंची बघूनच घेतात, आणि बर्फावरची स्की पण हनुवटीपर्यंत येते की नाकापर्यंत येते असं उभं राहून बघतात, त्यामुळे स्की म्हटलं की उंची हे डोक्यात बसलेलंच असतं.

पाण्यावर प्रश्न येतो तो भाराचा. स्की तरंगते म्हणून तुम्ही उभे राहत नाही, बोट ओढते तेव्हा स्कीच्या तळावर पाणी आपटून जो जोर तयार होतो तो तुम्हाला उचलून धरतो, आणि तो जोर दोन गोष्टींवर ठरतो, स्कीचा तळ किती मोठा आहे आणि बोट किती स्पीडने चाललीय. स्पीडचा भाग तर फारच मोठा आहे, स्पीड दुप्पट झाला तर जोर साधारण चौपट होतो. म्हणजे तीच स्की, तोच माणूस, पण बोट ताशी ५५ च्या जागी ४८ किलोमीटरने चालवली की उचलून धरणारा जोर जवळपास पाव भाग कमी होतो. मग तेवढा तळ कुठून तरी भरून काढायला लागतो, म्हणून हळू चालणाऱ्या बोटीमागे मोठी स्की लागते. यात तुमची उंची कुठे येते सांगा.

या खेळाची सुरुवातच या प्रश्नापासून झालीय. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पहिल्यांदा पाण्यावर स्की करून दाखवली. आधी त्याने पिंपाच्या लाकडी पट्ट्या वापरून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की वापरून बघितल्या, काही केल्या जमेना. शेवटी त्याने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा पाइनच्या फळ्या घेतल्या, उकळत्या पाण्यात टोकं मऊ करून वर वाकवली आणि मग कुठे तो उभा राहिला. म्हणजे तळ पुरेसा मोठा पाहिजे हे तेव्हाच कळलं होतं. आजच्या स्कीला तेवढी लांबी लागत नाही कारण बोटी खूप जोरदार झाल्या आणि स्कीचे आकार सुधारले.

मागच्या सीझनला आमच्या ग्रुपसोबत धरणाच्या जलाशयावर डोंबिवलीचे एक भाऊ-बहीण आले होते, त्यांचं उदाहरण देते म्हणजे लगेच लक्षात येईल. बहीण चांगली उंच पण अंगाने अगदी बारीक, वजन पन्नासच्या थोडंसं वर. भाऊ तिच्याहून बराच बुटका पण कुस्तीतला गडी, नव्वदीच्या घरातला. दोघांनाही दोन स्कीवर व्यवस्थित येत होतं, स्लॅलम नवीन होतं. आणि कोणीतरी दोघांना उंची बघून स्की दिलेल्या, तिला ६९ आणि त्याला ६५.

भाऊ आधी पाण्यात उतरला. गुडघे छातीशी, स्कीचं टोक पाण्याबाहेर, दोर ताणलेला, सगळं बरोबर. बोट सुटली आणि स्की वर यायच्या ऐवजी नांगरासारखी पाण्यातच चालायला लागली, समोरून पाण्याचा मारा सगळा तोंडावर, माणूस दिसेचना, नुसता फवारा पुढे सरकतोय. ताकदीचा म्हणून त्याने हँडल सोडलं नाही, पण पाण्यावर यायला इतका वेळ लागला की येईपर्यंत कोपराखालचे हात भरून आले आणि दोन-तीन वळणांत सोडून द्यावं लागलं. वर असतानाही स्की मागून बुडालेली, बोटीच्या लाटेच्या बाहेर गेला की स्पीड मरायचा आणि दोर ढिला पडायचा. बहिणीचं बरोबर उलटं झालं. ती क्षणात वर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढे काहीच करता येईना. ती कितीही कलली तरी स्कीची कड पाण्यात शिरतच नव्हती, स्की सपाटच घसरत राहिली, लाट ओलांडताना टोक वर उडायचं आणि प्रत्येक वळणाला ती मोठ्या टेम्पोसारखी लांबून फिरून यायची.

दोघांच्या स्की अदलाबदल केल्या, बाइंडिंग, म्हणजे स्कीवर पाय अडकवायचे बूट, लेसचे होते त्यामुळे पायात बसवायला अडचण आली नाही. भाऊ ६९ वर एका दमात वर आला आणि बहिणीने ६५ वर त्याच सकाळी लाट ओलांडून पहिलं खरं वळण घेतलं. तंत्र तेच, बोट तीच, ड्रायव्हर तोच. मला वाईट याचं वाटतं की असे कितीतरी लोक पहिल्याच दिवशी "आपल्याला जमणार नाही बाबा" म्हणून घरी जातात आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

आता आकडे देते, हे साधारण ताशी ५० ते ५५ किलोमीटर स्पीडसाठी धरा. वजन ५५ किलोच्या आत असेल तर ६३ च्या आसपास, ५५ ते ७० ला ६५, ७० ते ८५ ला ६७ आणि त्याच्या वर ६९ किंवा मोठी. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा इकडेतिकडे असतो त्यामुळे जे मॉडेल घेताय त्याचाच तक्ता बघा, त्यात एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला बोटीचा स्पीड दिलेला असतो. स्पीड ४८ च्या खाली असेल तर एक साइज वर जा. वजन दोन साइजच्या मधे येत असेल तर शिकणाऱ्याने मोठीच घ्यावी. स्पर्धेत पुरुष ताशी ५८ पर्यंत आणि बायका ५५ पर्यंत जातात, तिथे लहान स्की चालते कारण तो स्पीडच त्यांना उचलून धरतो आणि त्यांना बॉयभोवती, म्हणजे पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या गोळ्यांभोवती, पटकन वळायचं असतं. आपल्याकडचा नवशिका त्यांचा व्हिडिओ बघून तसलीच बारीक स्की मागवतो आणि बोट चालते चाळीस-पंचेचाळीसने, तिथे सगळं फसतं.

स्पीडवरून आठवलं, एककाकडे नीट लक्ष द्या. तक्ते बहुतेक अमेरिकन कंपन्यांचे त्यामुळे ताशी मैलात असतात, आपल्याकडच्या बऱ्याच बोटींवर नॉट असतात आणि आपण बोलतो किलोमीटरमध्ये. ताशी ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर म्हणजे साधारण २६ नॉट. बोटवाला तीस म्हणाला तर तीस काय ते विचारा, कारण ३० नॉट म्हणजे जवळपास ५६ किलोमीटर होतात आणि साइज बदलतो.

अजून एक गोष्ट जी नुसत्या इंचांवरून कळत नाही, ती म्हणजे रुंदी. हल्ली शिकणाऱ्यांसाठी रुंद अंगाच्या स्की मिळतात, त्यातली ६५ ची स्की जुन्या अरुंद ६७ पेक्षा जास्त भार घेऊ शकते. म्हणून कोणाची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची स्की सेकंडहँड मिळत असेल तर आजच्या तक्त्यावरून तिचा साइज ठरवू नका. आणि सेकंडहँड घेताना फिन, म्हणजे तळाला मागे असलेलं छोटं पातं, वाकलेली नाही ना, बाइंडिंगचे स्क्रू आपल्या जागी घट्ट बसतात ना आणि रबर कडक होऊन तडकलेलं नाही ना एवढं हाताने दाबून बघा, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत आणि गच्चीवरच्या उन्हात रबर फार लवकर जातं. समुद्रात वापरली की दर वेळी गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायची.

जे आपल्या समुद्रात करणार आहेत त्यांनी थोडी मोठी आणि रुंदच बघावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी वारा सुटला की पाणी चांगलंच खळबळतं, त्या छोट्या उसळत्या लाटांमध्ये लहान स्की नवशिक्याला उभं राहू देत नाही. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करा, आणि जमत असेल तर धरणाच्या किंवा तलावाच्या सपाट पाण्यावर शिका, अर्थात जिथे परवानगी आहे तिथेच. पहिल्यांदाच करणाऱ्याने तर स्लॅलम स्की विकतच घेऊ नये, दोन स्कीच्या कॉम्बो जोडीवर शिकावं, त्यातल्या एका स्कीवर मागच्या पायासाठी जास्तीचा पट्टा असतो, नीट जमायला लागलं की दुसरी स्की सोडून तिच्यावर एका स्कीचा सराव करता येतो आणि आपला कुठला पाय पुढे राहतो तेही तिथेच कळतं. मग बोटीचा स्पीड माहीत असतो, वजन माहीत असतं, तेव्हा पैसे घाला. बाहेरून मागवायची तर शिपिंग आणि ड्युटी धरून चांगलाच भुर्दंड बसतो आणि चुकीचा साइज परत पाठवणं कोणालाच परवडत नाही.

वजन खरं सांगा, ही हात जोडून विनंती. लोक लग्नाच्या वेळचं वजन सांगतात. दहा-पंधरा किलोचा फरक म्हणजे सरळ एक साइज इकडचा तिकडे. यात वॉटर स्पोर्ट्स चालवणाऱ्यांनीही थोडं समजून घ्यायला पाहिजे, वीस लोकांसमोर किनाऱ्यावर एखाद्या बाईला मोठ्याने "मॅडम वजन किती" विचारलं तर ती खरं कशाला सांगेल. वजनकाटा एका बाजूला ठेवा, चिठ्ठीवर लिहून घ्या, काम झालं. जिथे स्लॅलम शिकवतात तिथल्या लोकांना माझं अजून एक सांगणं आहे की एकच स्की सगळ्यांना देऊ नका, निदान ६५ आणि ६९ अशा दोन ठेवा, आणि स्कीच्या वरच्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून टाका की ही किती किलोपासून किती किलोपर्यंत आणि कुठल्या स्पीडला. याला खर्च काहीच नाही. ड्रायव्हर बदलला, हेल्पर बदलला तरी चुकीची स्की चुकीच्या माणसाच्या पायात जाणार नाही.

संपादक साहेब, तुमची पुरवणी घराघरात जाते, आमच्यासारख्यांनी जेट्टीवर कितीही सांगितलं तरी छापलेल्या चौकटीवर लोकांचा जास्त विश्वास बसतो. म्हणून विनंती की पुढच्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापा, उंचीचं वाक्य काढून वजन आणि स्पीडचे वरचे आकडे टाका आणि मैल, किलोमीटर, नॉट तिन्ही द्या. लेख ज्यांनी लिहिला त्यांना बोटीवर यायचं असेल तर आमच्या ग्रुपकडून आमंत्रण आहे, ६३ पासून ६९ पर्यंत सगळ्या स्की आमच्याकडे आहेत, त्यांनी येताना फक्त वजन करून यावं.

आपली वाचक,
चेंबूर, मुंबई