न्हाणीघराच्या फरशीबद्दल

ती. आई व ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

वरच्या न्हाणीघरातल्या टाईल्स काढून तिथे कोटा दगडाची फरशी बसवायचे ठरवले आहे आणि मिस्त्रींना आगाऊ रक्कमही दिली आहे. दादाशी बोलूनच हा निर्णय घेतला, तरी तुम्हाला आधी विचारले नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळी आले तेव्हा बादलीच्या जागेजवळच्या टाईल्स ठोकून पाहिल्या, तर बहुतेक पोकळ वाजल्या. बाबा, तुम्ही दर उन्हाळ्यात पांढऱ्या सिमेंटने सांधे भरून घेता, परंतु खाली कोब्यात, म्हणजे टाईल्सखालच्या थरात, मुरलेले पाणी त्याने निघत नाही; तेच माजघराच्या छताला पोपडे आणते आणि स्लॅबच्या सळईपर्यंत पोचले की गंज फुगून काँक्रीट सुटू लागते.

नुसत्या दगडाने गळती थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून जुना कोबा काढून, नवे वॉटरप्रूफिंग करून, त्यावर 48 तास पाणी भरून ठेवल्यावर आणि माजघराचे छत कोरडे राहिल्यावरच फरशी बसेल. बाबांना शहाबादी फरशी हवी असणार, पण तिचे पापुद्रे सुटतात आणि कोटा त्या मानाने घट्ट असतो. त्याला चकचकीत पॉलिश करायचे नाही, कारण ओल्या पायांना खडबडीत दगडच आधार देतो.

काम संपेपर्यंत खालच्या मोरीत अंघोळीची सोय केली आहे. तिथे गरम पाण्याचा नळ येईल आणि आईचा पाटही तिथेच ठेवला जाईल. आई, नरकचतुर्दशीच्या पहाटे मला पाटावर बसवून उटणे लावायचीस आणि डोळ्यांत गेले की पदराच्या टोकाने टिपायचीस, ते कुठल्याही न्हाणीघरात पाऊल ठेवले की आठवते.

आता माझे ऐका. बाबांनी धुळीत मिस्त्रींजवळ उभे राहू नये. दम्याचा पंप खिशातच असू द्यावा. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसेल, त्याला नको म्हणू नका; सुट्टीत येणाऱ्या नातवंडांनाही तो लागेल. आई, कोटा हा चुनखडीचा दगड आहे, त्यावर ॲसिड पडले की तो खरवडल्यासारखा होतो. तेव्हा संडासाची ती बाटली तिथे वापरू नकोस, साबणाचे पाणी आणि खराटा पुरे. फरशी बसल्यावर मिस्त्री सांगेपर्यंत वर पाणी ओतू नका, कितीही घाई झाली तरी.

तुमची,
छकुली